तो पॉज होता

२३ फेब्रुवारी

आज मी डॉक्टरांना प्रॉम्प्ट केलं. करायला नको होतं.

गळ्यातली अर्धी थायरॉइड ग्रंथी काढून दोन आठवडे होऊन गेले. डावी बाजू. त्यात गाठ होती म्हणून काढली, टाके सुकले. आता तपासणीचा रिपोर्ट ऐकायचा आणि घरी येऊन चहा प्यायचा, एवढाच बेत होता. डॉक्टर माझ्याच वयाच्या आहेत, सर्जन. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि समोरच्या पेनस्टँडकडे बघायची त्यांना सवय आहे. म्हणाल्या, "गाठीत जे सापडलंय ते..." आणि थांबल्या.

मी वीस वर्षं नाटकाच्या विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य पुरवतो. समोरचा वाक्याच्या मध्ये थांबला आणि त्याची नजर खाली गेली, की माझं तोंड आपोआप उघडतं. मी हळूच म्हणालो, "कॅन्सर."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं.

बायको जिन्यात थांबली. "तू कशाला सांगितलंस?"

"त्या अडकल्या होत्या."

"मग अडकू द्यायचं! दुसरं काहीतरी म्हणाल्या असत्या."

रिपोर्ट छापलेला होता, त्यात दुसरं काही येणार नव्हतं, हे तिलाही कळतं. पण त्या खरंच अडकल्या होत्या का? नजर खाली होती हे नक्की. श्वास घेतला होता की नव्हता, ते आठवत नाही. घाई केली असेन तर ते वाईट प्रॉम्प्टिंग झालं.

२४ फेब्रुवारी

काल बाकीचं लिहायचं राहिलं.

गाठ मोठी होती आणि शेजारच्या एका लसिकाग्रंथीतही थोडं सापडलं, म्हणून थायरॉइडचा उरलेला अर्धा भागही काढायचा आहे. हा कॅन्सर सावकाश वाढणारा आहे. "आळशी असतो," डॉक्टर म्हणाल्या. बायको म्हणाली, "याच्यावरच गेलाय."

भानगड वेळेची आहे. दुसरं ऑपरेशन करायचं तर पहिल्यानंतर लगेच, आठवड्याभरात, नाहीतर मग तीनेक महिन्यांनी. मधल्या काळात आत सगळं सुजलेलं, एकमेकांना चिकटलेलं असतं. आवाजाची नस कुठली आणि व्रणाचा दोरा कुठला, ते ओळखू येत नाही. आमचा आठवडा उलटून गेला, कारण गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवायला पाठवल्या होत्या. म्हणजे लवकरची वेळ हुकली आणि उशिराची अजून आली नाही. फार लांबवलं तर आळशीसुद्धा हातपाय पसरतो.

धोके दोन. चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. दुसरा धोका सांगताना डॉक्टर म्हणाल्या, "आणि तुमचा आवाज..." आणि थांबल्या. बायकोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. तरी मी म्हणालोच, "जाईल."

"बहुतेक राहील, असं म्हणणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही काढलंतच, तर तेही सविस्तर सांगते."

सविस्तर सांगितलं. वीस मे ही तारीख ठरली.

३ मार्च

मॅनेजरने नाटकाच्या सगळ्या मंडळींना बोलावून माझ्या गळ्यावर बैठक घेतली. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, हातात लाल पेन.

"एप्रिलमध्ये नाही का उरकणार?" मॅनेजर म्हणाला. "प्रयोग कमी आहेत."

"आत चिकटलेलं असतं."

"मग जुलैत?"

"तोवर वाढला तर?"

"असं कसं, मागेही नाही, पुढेही नाही! आणि वार कुठला?"

मी काही बोलायच्या आत मतदान झालं. सात हात वर होऊन मंगळवार मंजूर झाला. डॉक्टर बुधवारी ऑपरेशन करतात हे मी सांगितलं नाही. ठराव झाल्यावर खोडा घालणं बरं दिसत नाही.

आबा तेवढे गप्प होते. आबा म्हणजे आमचे मुख्य नट. सत्तरी ओलांडलेली. निवृत्त न्यायाधीशाचं काम करतात. घरातल्यांवरच खटले भरणारा म्हातारा आहे तो. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुजबुज्या, जेवतोस ना नीट?" सगळी नाटकमंडळी मला कुजबुज्याच म्हणतात.

८ मार्च

ऑपरेशननंतरचा माझा पहिला प्रयोग. अडचण अशी की घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "हळू बोला, पण आवाजात बोला. कुजबुजू नका, त्याने स्वरयंत्रावर ताण येतो." म्हणजे जेवढं मला येतं तेवढंच नेमकं बंद.

पहिल्या अंकात आबा खरोखर अडकले. वाक्य होतं, "मी आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं." कुजबुजायचं नाही, म्हणून मी साध्या, हळू आवाजात दिलं. रिकाम्या खुर्च्यांवरून जावं तसं ते सगळ्या थिएटरभर गेलं. आबांनी वर छताकडे पाहिलं आणि तेच वाक्य सावकाश म्हटलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मध्यंतरात आबांची माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, तो पॉज होता." विसरलेला प्रत्येक नट हेच म्हणतो. वीस वर्षांत एकाचंही मी मानलेलं नाही, पण मान मात्र दर वेळी डोलावतो.

११ मार्च

वर्तमानपत्रात परीक्षण आलं. 'न्यायाधीशाच्या अंतर्मनाचा आवाज ऐकवण्याची नवी क्लृप्ती नाटकाला वेगळीच खोली देते.'

मॅनेजरचा फोन. अंतर्मन आणखी चार ठिकाणी हवं आहे. मी म्हणालो, आबा विसरले नाहीत तर मी काय म्हणणार? आणि विसरले नसताना बोलणं ही लबाडी आहे.

"तुझं अंतर्मन फारच काटेकोर आहे बुवा," मॅनेजर म्हणाला.

बायकोला दाखवलं. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या फोनवर असते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते. तिने परीक्षण दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी हसलास."

मी हसलो होतो का? लक्षात आलं नाही. गेले पंधरा दिवस मी संध्याकाळी खिडकीत बसून असतो, एवढं मात्र खरं.

२२ मार्च

आबांची काळजी वाटते. आज पाच ठिकाणी अडकले. जी वाक्यं त्यांनी झोपेतही म्हटली असती, ती. दर वेळी थांबतात, तोंड विंगेकडे वळवतात आणि माझी वाट बघतात. मी म्हटलं की मगच पुढे जातात. एकदा तर माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. चेहऱ्याच्या स्नायूंवरचा ताबा जात असावा. वाचलं पाहिजे.

प्रेक्षक खूश आहेत. अंतर्मन बोललं की टाळी येते.

२९ मार्च

आबांच्या रंगपटाबाहेर उभा होतो. आत ते आरशासमोर तिसऱ्या अंकातलं लांबलचक भाषण म्हणत होते. एक शब्दही चुकला नाही. तासाभराने स्टेजवर त्याच भाषणात तीनदा अडकले.

म्हणजे एकटे असताना आठवतं आणि लोकांसमोर नाही. आजार असाच दबकत येत असणार. मी त्यांना काही बोललो नाही. माणसाला आपल्याबद्दलचं असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लावू नये, हे मी आता जाणतो.

६ एप्रिल

एक गंमत. कालच्या प्रयोगाबद्दल बायकोला सांगत होतो, की आबा आता एका नव्याच ठिकाणी अडकले. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "'उद्या सकाळी कोर्ट भरेल' या वाक्यावरच ना?"

"तुला कसं कळलं?"

"अंदाज."

वीस वर्षांच्या संसारात तीही हे नाटक शिकली तर. मला बरं वाटलं. नंतर ती स्वतःशीच पुटपुटली, "जरासं सांगितलं होतं, एवढं नव्हतं सांगितलं." कार्यालयातलं काहीतरी असेल. ती कामाचा फार विचार करते.

१९ एप्रिल

मॅनेजरने परस्पर डॉक्टरांना पास पाठवले होते. तारीख मंगळवारची मिळेल, अशी आशा. त्या आल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या. मला ठाऊक नव्हतं. आता कुजबुजायची परवानगी मिळाली आहे, तरी मॅनेजरच्या आग्रहाखातर मी आवाजातच देतो.

शेवटच्या प्रवेशात न्यायाधीश निकाल देतो. "आरोपी..." म्हणून आबा थांबतात. थांबतात म्हणजे किती, तर लोकांना खोकायचीही भीती वाटते. मग म्हणतात, "निर्दोष." हा एवढा एक पॉज खरा आहे. मी त्यात कधीही तोंड उघडत नाही. आज त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून खुर्ची वाजली. डॉक्टर अर्ध्या उठल्या होत्या.

प्रयोगानंतर भेटल्या. "मला वाटलं त्यांना झटका आला," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं पुटपुटणंही तिसऱ्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं. प्रॉम्प्टर म्हणून वाईट. रुग्ण म्हणून उत्तम."

हे त्यांनी माझ्या फाइलमध्ये लिहिणार असल्याचं सांगितलं. 'प्रॉम्प्टर म्हणून वाईट' एवढं लिहू नका, अशी विनंती केली.

२२ एप्रिल

नाकातून कॅमेरा घालून स्वरतंतू तपासले. दुसऱ्या ऑपरेशनआधी हे बघावंच लागतं. पहिल्या वेळी डावी नस दुखावलेली असली आणि आता उजवीही दुखावली, तर नुसत्या आवाजाचं नाही, श्वासाचंही अवघड होतं.

"ई म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. मी ई म्हटलं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ आल्या, लांब गेल्या. दारावरच्या पडद्यासारख्या. एवढ्याशा गोष्टीवर वीस वर्षं पोट भरलं.

"दोन्ही उत्तम हलतायत. फक्त..." आणि त्या थांबल्या.

मी दात घट्ट आवळले. नाकात नळी होती म्हणूनही असेल, पण बोललो नाही.

"...थोडं आणखी लांब ई म्हणा," त्या म्हणाल्या.

बायकोने माझी पाठ थोपटली.

२७ एप्रिल

ठरवलं. आज डॉक्टरांना फोन करून ऑपरेशन पुढे ढकलायची विनंती केली.

कारण आबा. काल त्यांना स्वतःचं नाव, म्हणजे न्यायाधीशाचं नाव, मला द्यावं लागलं. मी आठ-दहा आठवडे नसलो आणि परत आल्यावर आवाज नसला, तर हा माणूस भरल्या थिएटरात उघडा पडेल. माझा कॅन्सर आळशी आहे, त्यांचं विसरणं आळशी दिसत नाही. दोघांपैकी कोण थांबू शकतो, हे उघड आहे. की मला भीती वाटते आणि मी आबांच्या आड लपतो आहे? हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला.

डॉक्टर म्हणाल्या, "महिनाभर थांबलात तर आभाळ कोसळणार नाही. पण असं महिनाभर म्हणणारे लोक मला वर्षाने भेटतात. आणि तेव्हा मला शेजारच्या ग्रंथींत जास्त खोल शिरावं लागतं, नसेच्या जास्त जवळ. दोन आठवडे मी तारीख मोडत नाही. विचार करा."

बायकोला सांगितलं.

"कोणासाठी म्हणालास?"

"आबांसाठी. त्यांना आता काहीच आठवत नाही गं."

तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"तक्रार नोंदवायला."

कार्यालयाला तर आज सुट्टी होती तिची. तासाभराने परत आली. डोळे लाल होते. म्हणाली, "नोंदवली."

१० मे

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

मधल्या रविवारी प्रयोग नव्हता. आज आबा स्टेजवर गेले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कुठेही अडकले नाहीत. एकदाही नाही. मी प्रत्येक वाक्याला श्वास घेऊन तयार, आणि ते वाक्य माझ्या नाकावर टिच्चून पुढे. अंतर्मनाची वाट बघणारे प्रेक्षक चुळबुळले. मॅनेजर समोरच्या विंगेतून हातवारे करत होता. आबांनी तिकडे पाहिलंही नाही. "आरोपी..." नंतरचा पॉज त्यांनी माझ्याकडे बघत घेतला. एवढ्या रागाने "निर्दोष" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

विंगेत येऊन म्हणाले, "बघितलंस? तुझी काही गरज नाही इथे. जा, काय कापायचंय ते कापून घे."

"आबा, तुमची तब्येत..."

"माझी तब्येत ठणठणीत आहे, गाढवा!" आणि मग, का कोण जाणे, माझ्या गळ्यावरच्या व्रणाला एक बोट लावलं आणि रंगपटात निघून गेले.

मला ते लागलं, खोटं कशाला बोला. वीस वर्षांनी गरज नाही म्हणायचं. घरी येऊन बायकोला सांगितलं, आबांची स्मरणशक्ती आपोआप परत आली, बहुतेक गोळ्या बदलल्या असतील. ती "अगदी तसंच असेल," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असावी.

११ मे

डॉक्टरांना फोन केला. वीस मे कायम. आता न करण्याचं कारणच उरलेलं नाही. दिवसभर हात गार आहेत.

१६ मे

डॉक्टरांनी सांगितलंय, शुद्धीवर आल्यावर त्या मला काहीतरी बोलायला लावतील. "काहीही चालेल. नाव सांगा."

नाव फार छोटं आहे. नाव नीट आलं आणि बाकी काही नाही आलं तर? एखादं बऱ्यापैकी लांब वाक्य हवं. पण कुठलं? मला तिन्ही अंक पाठ आहेत, सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत. माझं वाक्य एकही नाही.

मॅनेजर म्हणाला, पुढच्या प्रयोगाची जाहिरात कर. आबांनी निरोप पाठवला, मला शिव्या घाल. 'सगळं व्यवस्थित आहे' हे छान वाटलं, पण तेव्हा मला ते कसं ठाऊक असणार? 'मला ऐकू येतंय' हे खरं ठरेल, पण ऑपरेशन कानाचं नाही.

शेवटी ठरवलं: "बाहेर बसली आहे तिला आत बोलवा." खरं आहे, पुरेसं लांब आहे, आणि उपयोगीही आहे. न्हाणीघरात सराव केला. चांगलं जातं. बाहेर बायकोच्या झाडण्याचा आवाज थांबला होता, तेव्हा मी नळ सोडला.

१९ मे

दाखल झालो. संमतीपत्रावर सही करताना डॉक्टर म्हणाल्या, "नस दिसली की मी आधी तिच्यामागे जाणार, मग बाकीचं. आणि काही झालंच, तर..."

त्या थांबल्या. मी थांबलो. बायको थांबली. पेनस्टँड इथे नव्हता, तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"तर बघू," त्या म्हणाल्या.

मी द्यायला निघालो होतो ते वाक्य याहून वाईट होतं.

२३ मे

बोटांना मुंग्या येतात, तेव्हा थोडंच लिहितो. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात उतरेल. उरलेल्या भागाचा रिपोर्ट यायचा आहे. उजवी नस ग्रंथीला चिकटलेली होती. सोडवायला त्यांना वेळ लागला म्हणे.

बुधवारी डोळे उघडले तेव्हा दिवा, छत आणि डॉक्टरांचा चेहरा. खाटेच्या एका बाजूला हिरवा पडदा.

"ऐकू येतंय? काहीतरी बोला बरं."

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. म्हणजे आवाज नव्हे. वाक्यच आलं नाही. एवढं घासलेलं वाक्य डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. मी छताकडे पाहिलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरताना दिसला. त्यांना वाटलं, नस गेली. मला सांगायचं होतं की नस नाही हो, वाक्य गेलंय. पण ते सांगायलाही वाक्य लागतं.

"घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाच आवाज कापत होता.

तेवढ्यात हिरव्या पडद्यामागून कुजबुज आली. स्वच्छ, नेमकी, पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही अशी.

"बाहेर बसली आहे तिला आत बोलवा."

मी पडद्याकडे मान वळवली. खालून तिच्या चपला दिसत होत्या.

"तो पॉज होता," मी म्हणालो.

आवाज फाटका आला, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आला. डॉक्टर खाटेच्या कडेवरच बसल्या आणि त्यांनी हाताने तोंड झाकलं.

पडदा बाजूला झाला. बायको रडत होती आणि हसत होती.

"विसरला होतास," ती म्हणाली.

"पॉज होता."

मी विसरलो होतो, हे फक्त इथे लिहून ठेवतो. तिने मान डोलावली. मानलं मात्र नाही.